मोती पाय टेकेना



या सदरात आम्ही मुलांचा अभ्यास, घरातली वडीलधारी माणसं, स्वयंपाकघरातली काटकसर अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय वाचून काहीजण भुवया उंचावतील, कारण तो आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याचा आहे. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या एका पायाने आमच्या घराला जे शिकवलं, ते शिकवायला आम्हा मास्तर लोकांना एक सत्र लागलं असतं. म्हणून लिहितो.

आमचं घर सांगोला तालुक्यात, गावापासून थोडं बाहेर, वस्तीवर आहे. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. घरी दोन एकर डाळिंब, सहा शेळ्या, अब्बा, अम्मी आणि दोन मुलं. थोरला दहावीत, धाकटी चौथीत. पाच वर्षांपूर्वी एका रात्री लांडग्याने दोन करडं नेली. त्यानंतर अब्बांनी शेजारच्या धनगर मामांकडून एक पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. धाकटीने त्याचं नाव मोती ठेवलं.

मोती घरात येत नाही. त्याची जागा शेळ्यांच्या गोठ्याच्या तोंडाशी. त्याचं भांडं वेगळं, नमाजची जागा त्याच्यापासून लांब. हे नियम अम्मींनी पहिल्याच दिवशी घालून दिले आणि मोतीने ते आमच्या मुलांपेक्षा चांगले पाळले. अम्मींनी त्याला कधी हात लावला नाही. पण त्याचं पाण्याचं भांडं त्यांनी एक दिवसही कोरडं पडू दिलं नाही.

जुलै महिन्यातला शुक्रवार. फजरनंतर अब्बा बागेत फेरी मारायला निघाले की मोती त्यांच्या पुढे पळतो. त्या दिवशी तो उठला, दोन पावलं आला आणि थांबला. मागचा उजवा पाय त्याने पोटाशी धरला होता. तीन पायांवर उड्या मारत तो अब्बांपर्यंत आला आणि तिथेच बसला. रात्री तर धडधाकट होता. कुणी मारलं नव्हतं, कुठे गाडीखाली आला नव्हता. एका रात्रीत हे काय झालं?

काटा सापडला, पण

आमच्याकडे वेडी बाभूळ माजलेली आहे. त्यामुळे माणूस असो, शेळी असो की कुत्रं, लंगडताना दिसलं की पहिला शब्द तोंडात येतो तो काटा. आम्हीही तेच म्हणालो. सुदैवाने एक गोष्ट आम्ही बरोबर केली. धाकटी थेट त्याच्या पायाशी बसायला निघाली होती, तिला थांबवलं. कुत्रं कितीही मायेचं असो, दुखऱ्या जागेला हात लागला की ते चावू शकतं. त्यात त्याचा दोष नसतो. थोरल्याने एका जुन्या ओढणीची पट्टी करून मोतीच्या तोंडाला सैलसर बांधली, अशी की त्याला श्वास नीट घेता यावा. धाप लागलेल्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याचं तोंड मात्र बांधायचं नसतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मग पाय खालून वर तपासत गेलो. आधी नखं, एखादं मुळापासून फाटलंय का. मग बोटांच्या मधली जागा, तिथे काटे, कुसळं आणि गोचिड्या लपतात. मग तळव्याच्या गाद्या, काही कापलंय का, भाजलंय का. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर चालून कुत्र्यांच्या गाद्या सोलवटतात. मग घोटा, गुडघा, मांडी. प्रत्येक जागी दुसऱ्या पायाशी तुलना. हाताला ऊन कुठे लागतं, सूज कुठे आहे, कुठे दाबल्यावर तो मान वळवतो, हे पाहायचं.

दोन बोटांच्या मध्ये एक काटा सापडलाच. अर्ध्या इंचाचा. थोरल्याने चिमट्याने सरळ ओढून काढला, कोमट पाण्याने जागा धुतली. आम्ही सगळे खूश. जुम्याच्या नमाजहून आलेल्या अब्बांना धाकटीने तो काटा कागदावर ठेवून दाखवला. "लो, हो गया इलाज," अब्बा म्हणाले.

संध्याकाळी मोतीने पाय टेकला नाही. आम्ही म्हटलं, जखम ताजी आहे, दुखत असेल. शनिवारी त्याने अर्धीच भाकरी खाल्ली. आम्ही म्हटलं, पाऊस आहे, अंग जड झालं असेल. रविवारी सकाळी तो उठला तेव्हा मागचा पाय थोडा टेकत होता, पण आता पुढचा डावा पाय उचलून धरला होता.

वर्गात आम्ही हे रोज पाहतो. मुलगा गणिताचं पहिलं जमणारं उत्तर लिहितो, पेन खाली ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो. आम्ही त्याला म्हणतो, बाळा, ताळा करून बघ. इथे आम्हीच ताळा केला नव्हता. काटा खरा होता, पण तो आजार नव्हता. एका पायातला काटा दुसऱ्या पायाला कसा लंगडवेल?

तो रविवार

रविवारी आमच्या घरात जे झालं ते लिहायला थोडं अवघड वाटतं. पण लपवून ठेवलं तर या सदराचा उपयोग काय?

अब्बांचे स्वतःचे गुडघे दुखतात. गेली दोन वर्षं ते काठी घेऊन चालतात. चहा पिता पिता ते म्हणाले, "राखणीचं जनावर राखण करेना, तर काय करायचं? हायवेच्या ढाब्यापाशी सोडून द्या. तिथे खायला तरी मिळेल." ते कठोर मनाचे नाहीत. त्यांनी आयुष्यभर शेती केली आहे आणि न चालणाऱ्या बैलाचं काय होतं ते पाहिलं आहे. पण धाकटीने ते ऐकलं. ती काही बोलली नाही. उठली आणि गोठ्याच्या तोंडाशी जाऊन बसली. दुपारी जेवायला आली नाही.

शेजारचे धनगर मामा येऊन गेले. त्यांनी मोतीला पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, सांध्यावर डाग द्या. आमच्या वडलांपासून देतात." तापलेल्या लोखंडाने डागण्याची रीत आपल्या खेड्यांत अजून आहे. मामांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. पिल्लू त्यांनीच दिलेलं, आणि जनावरांत त्यांचं आयुष्य गेलेलं. आम्ही म्हणालो, "मामा, उद्या डॉक्टरला दाखवतो, मग बघू." डागल्याने आतला आजार जात नाही, वर भाजल्याची जखम मात्र होते. ती चिघळली की जनावराला दोन दुखणी.

आणि तिसरी गोष्ट, जी घडता घडता राहिली. अम्मींच्या डब्यात अंगदुखीच्या गोळ्या असतात. थोरल्याने त्यातली एक चुरून दुधात भाकरीबरोबर कालवली होती. त्याच्या मनात दयाच होती. दहावीचा मुलगा, बहीण रडते आहे, कुत्रं कण्हतं आहे, घरात दुखण्यावरची गोळी आहे, तर द्यावी. भांडं मोतीपुढे ठेवण्याआधी त्याने आम्हाला विचारलं, हे त्याचं शहाणपण. आम्हालाही माहीत नव्हतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर शेळ्यांच्या लसीकरणामुळे आमच्याकडे होता. रविवार असूनही त्यांनी फोन उचलला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: माणसाची एकही गोळी देऊ नका.

त्यांनी समजावलं ते आम्ही इथे उतरवतो, कारण हे प्रत्येक घराला माहीत हवं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही आपल्या घराघरांत असणारी औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, आतून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकतं. मांजराला तर ते थोडंसंही जीवघेणं आहे. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं जायचं. ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंडं बंद पडून मरू लागली आणि आभाळातून गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

बाम आणि तेलाचंही तेच. कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटतं. जे आपण कातडीवर लावतो ते त्याच्या पोटात जातं. कापूर किंवा विंटरग्रीन तेल असलेले बाम पोटात जाणं त्याच्यासाठी धोक्याचं आहे.

मग डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्याला पळू देऊ नका, एका जागी मऊ अंथरुणावर बांधून ठेवा. पाणी भरपूर ठेवा. आणि उद्या सकाळी त्याला घेऊन या. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "रेबीजची लस दिली आहे ना?"

पत्र्याच्या पेटीतलं कार्ड

दिली होती. दरवर्षी दिली होती. ते कार्ड आमच्या पत्र्याच्या पेटीत, निकाहनामा आणि सातबाऱ्याच्या शेजारी ठेवलेलं असतं. थोरला यावरून हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

हा प्रश्न डॉक्टरांनी का विचारला तेही सांगतो. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की आपल्यासमोर धावत सुटलेलं, चावत सुटलेलं कुत्रं येतं. पण रेबीजचा दुसरा प्रकारही असतो. त्यात कुत्रं शांत होतं, मागचे पाय लुळे पडत जातात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही. माणसाला वाटतं, घशात हाड अडकलं असेल, आणि तो मायेने तोंडात हात घालतो. लस न दिलेल्या कुत्र्याचे पाय अचानक लुळे पडले आणि लाळ गळत असेल, तर त्याला हात लावू नका. मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यांना कळवा. कुणाला चावा किंवा ओरखडा बसला असेल, किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. मिरची, हळद, चुना लावत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो.

मोतीचे पाय लुळे नव्हते, दुखत होते. हा फरक ओळखता यायला हवा. दुखणारा पाय जनावर उचलून धरतं, लुळा पाय ओढत नेतं.

पावसाची रात्र

रविवारी रात्री पाऊस वाढला. गोठ्याच्या तोंडाशी ओल आली. मोती थरथरत होता. आम्ही पोतं टाकलं, तेही भिजलं. इशाची नमाज झाल्यावर अम्मी दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग आत गेल्या आणि आपली जुनी वाकळ घेऊन आल्या.

"ओसरी में लाओ उसको," त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धाकटीने धीर करून विचारलं, "दादी, ओसरीत? चालतं?"

अम्मी फारशा शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी लहानपणी मकतबमध्ये ऐकलेलं त्यांच्या मनात पक्कं आहे. त्यांनी नातीला जवळ बसवलं आणि त्या माणसाची हकीकत सांगितली, ज्याने तहानेने ओली माती चाटणारं कुत्रं पाहिलं, विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणलं, त्याला पाजलं आणि अल्लाहने त्याला माफ केलं. आपण सगळ्यांनी ही हदीस ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. मग गुहेतल्या त्या तरुणांची गोष्ट सांगितली, जी सूरह कहफमध्ये आहे, आणि त्यांच्या कुत्र्याची, जो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसला होता. "उंबऱ्याशी," अम्मी पुन्हा म्हणाल्या. "आत नाही, आणि हाकलूनही दिला नाही."

शेताच्या आणि कळपाच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे, हे आपण जाणतो. पाकीचे नियम आहेत, ते आपापल्या मसलकाप्रमाणे पाळावेत, शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही इथे मसला सांगायला बसलेलो नाही. आम्हाला एवढंच दिसलं की नियम आणि दया एकाच बाईच्या मनात एकमेकांना न ढकलता राहू शकतात. अम्मींनी दुसऱ्या दिवशी ओसरी पाण्याने धुवून काढली. आणि रात्री आपली वाकळही दिली.

अब्बा आतून सगळं ऐकत होते. काही बोलले नाहीत.

दवाखान्यात

सोमवारी डाळिंबाच्या मोठ्या क्रेटमध्ये वाकळ अंथरून मोतीला शेजाऱ्यांच्या छोट्या टेम्पोतून नेलं. कुत्र्यासाठी भाड्याचा टेम्पो हे ऐकून अब्बा काही म्हणतील असं वाटलं होतं. ते स्वतः काठी घेऊन टेम्पोत येऊन बसले.

डॉक्टरांनी आधी हात लावलाच नाही, प्रश्न विचारले. कधीपासून? अचानक की हळूहळू? कोणता पाय? बदलला का? खातो का? लघवीचा रंग कसा आहे? नाकातून रक्त आलं का? अंगावर गोचिड्या आहेत का? तुम्हीही दवाखान्यात जाताना या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्या. मोबाईलवर त्याच्या चालण्याचा छोटा व्हिडिओ घेतला तर आणखी चांगलं, कारण दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं कधीकधी लंगडणंच विसरतं.

मग त्यांनी ताप पाहिला, १०४ अंश फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. माणसाच्या मापाने पाहिलं तर निरोगी कुत्रंही आपल्याला तापलेलं वाटेल, म्हणून हात लावून अंदाज करू नये. गुडघे आणि घोटे गरम, सुजलेले. हिरड्या फिकट. मग त्यांनी मोतीचा पडलेला कान उलटून आम्हाला दाखवला. आत गोचिड्यांची रांग होती.

आम्हाला लाज वाटली. कारण महिन्यापूर्वी धाकटी म्हणाली होती, "मोतीच्या कानात काहीतरी आहे." आम्ही पेपर तपासत होतो. "नंतर बघू" म्हणालो होतो.

रक्त तपासणीला गेलं. प्लेटलेट्स कमी निघाल्या आणि डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. आपल्याकडे ज्याला गोचीड ताप म्हणतात तो होता. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात शिरतात, ताप येतो, भूक जाते, आणि काही कुत्र्यांचे सांधे सुजतात. आज हा पाय, उद्या तो पाय असं लंगडणं दिसलं की डॉक्टरांना अशा आजाराची शंका येते. हा ताप कुत्र्याला हात लावल्याने माणसाला लागत नाही, तो गोचिडीमार्फत पसरतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर रक्तस्राव होऊन कुत्रं दगावतं.

डॉक्टर म्हणाले, "औषध २८ दिवस. पाच-सहा दिवसांत तो पळायला लागेल आणि तुम्ही गोळ्या बंद कराल. तसं करू नका." गोळी रिकाम्या पोटी द्यायची नव्हती, भाकरीत घालून द्यायची, वर पाणी पाजायचं.

तसंच झालं. बुधवारी त्याने चारही पाय टेकले. पुढच्या सोमवारी तो शेळ्यांमागे होता. थोरला म्हणाला, "आता बरा झाला, उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ, पुढे उपयोगी पडतील." तेव्हा अब्बांनी काठी टेकत उठून ओसरीच्या भिंतीवर खडूने आठ रेघा मारल्या. "रोज एक," ते म्हणाले. "अठ्ठावीस झाल्याशिवाय नाही." त्या दिवसापासून रोज फजरनंतर गोळी देऊन रेघ मारायचं काम अब्बांनी स्वतःकडे ठेवलं. ज्यांनी ढाब्यापाशी सोडायचं म्हटलं होतं, त्यांनीच. आम्ही त्यांना त्याची आठवण करून दिली नाही. तुम्हीही मोठ्यांना अशी आठवण करून देऊ नका.

तुमच्या अंगणात असं झालं तर

पुष्कळ घरांत राखणीचं कुत्रं असतं, काहींच्या गल्लीत एखादं सगळ्यांचं असतं. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या गोष्टी थोडक्यात देतो.

त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर नेण्यासारखी लक्षणं अशी. पाय वेडावाकडा दिसतो किंवा हाड दिसतं. पाय अजिबात टेकवत नाही आणि सूज वाढते आहे. पायावर दोन टोचल्याच्या खुणा आणि झपाट्याने येणारी सूज, म्हणजे सर्पदंशाची शंका. घोणस आणि फुरसं आपल्याकडे आहेत, तिथे फडकं आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नये, हालचाल थांबवून थेट दवाखाना. दोन्ही मागचे पाय एकदम गेले, तर पाठीच्या कण्याला इजा असू शकते. अशा वेळी पोटाखाली हात घालून उचलू नका, फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर आडवं करून न्या. ताप, फिकट हिरड्या, खाणं बंद, नाकातून रक्त, हीसुद्धा थांबू नये अशी लक्षणं.

थोडं लंगडतोय, पाय टेकतोय, खातोपितो, ताप नाही, तर एखादा दिवस विश्रांती देऊन पाहायला हरकत नाही. उडी मारताना गुडघ्याचा बंध ताणला गेला असेल, मुका मार असेल. पण दुसऱ्या दिवशी फरक नसेल किंवा पाय बदलला, तर वाट पाहू नका. लहान पिल्लं नुसत्या भातावर वाढली तर त्यांची हाडं कमजोर होऊन ती लंगडतात. म्हाताऱ्या कुत्र्यांना थंडीत सकाळी सांधे धरतात. प्रत्येक लंगडण्याचं कारण वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलेलं औषध आपल्या कुत्र्याला देऊ नये. जवळ दवाखाना नसेल तर पशुपालकांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

गोचिडीबद्दल दोन शब्द. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. कुत्रं साफ केलं की काम संपत नाही, कारण गोचीड भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. आम्ही गोठ्याच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. औषध कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारूनच. गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्यावर फवारून कुत्री मेल्याची उदाहरणं खेड्यांत घडतात.

शेवटची रेघ

भिंतीवर २८वी रेघ पडली त्या दिवशी रविवार होता. पुन्हा रक्त तपासलं, प्लेटलेट्स वाढल्या होत्या. अल्हम्दुलिल्लाह. मोती आता पूर्वीसारखाच अब्बांच्या पुढे पळतो. फक्त अब्बा मागे पडले की थांबतो, वळून बघतो आणि ते आले की पुढे जातो. आधी तो असं करायचा का, आम्हाला आठवत नाही. तेव्हा आम्ही पाहिलं नसेल.

टेम्पोचं भाडं, तपासणी आणि औषधं मिळून चार क्रेट डाळिंबाचे पैसे गेले. आम्ही हिशेब मांडत बसलो होतो तेव्हा धाकटी म्हणाली, "दादी, याचा सवाब कुणाला मिळणार? अब्बूंना की दादाजींना?"

अम्मी पाण्याचं भांडं विसळत होत्या. म्हणाल्या, "जिसने कान में देखा था और बोला था, उसको पहले."

आम्ही मान खाली घालून हिशेबाची वही मिटली. त्या दिवसापासून घरात एक नियम झाला आहे. धाकटी काही दाखवायला आली की हातातले पेपर खाली ठेवायचे आणि उठून बघायचं. मुलं खाली वाकून बघतात, त्यांना आपल्याआधी दिसतं. तुमच्या घरी असं एखादं "नंतर बघू" पडून असेल, तर आजच उठून बघा.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह भेटू. तोवर आपल्या अंगणातल्या मुक्या जीवांच्या भांड्यात पाणी आहे का, तेवढं पाहून घ्या.